तबकडी, चकती आणि कामगाराचा हात



एखाद्या शोधाचा इतिहास सांगताना शोधकाचे नाव, साल आणि पेटंट यांची नोंद केली की विषय आटोपला, अशी आपल्याकडे समजूत आहे. शालेय पाठ्यपुस्तकांनी ती पक्की केली आहे. वस्तुतः प्रत्येक शोधाला आणखी एक इतिहास असतो. प्रयोगशाळेतून कारखान्यात उतरताच तो शोध कोणाच्या तरी हातात जाऊन पडतो, आणि त्या हाताचे पुढे काय झाले हे पेटंटच्या कागदात लिहिलेले नसते. आजच्या व्याख्यानाला तीन शोधांचा आधार आहे. अंधारात चमकणारी घड्याळाची तबकडी, संगणकाची चिप जिथे घडते ती निर्धूळ खोली आणि त्या खोलीत छताखालून माल वाहून नेणारी स्वयंचलित यंत्रणा. वरवर पाहता या तिघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. परंतु नाजूक वस्तू घडवताना माणसाचा हात कोठे असावा, या एकाच प्रश्नाला या तिघांनी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. गुजरात आणि आसामात चिप-उद्योगाचे कारखाने उभारण्याचे काम हाती घेतले गेल्यापासून हा प्रश्न आपल्याही दाराशी आला आहे.

आरंभ तबकडीपासून करू. मारी आणि पिएर क्यूरी यांनी १८९८ साली रेडियमचा शोध लावला. रेडियममधून सुटणारे अल्फा कण झिंक सल्फाइडच्या स्फटिकांवर आदळले की ते स्फटिक उजळतात. या गुणाचा उपयोग करून अमेरिकेत सेबिन फॉन सोहोकी या डॉक्टरांनी एक रंग तयार केला. ‘अनडार्क’ या नावाने तो बाजारात आला. दिवा नको, वीज नको, रात्रभर आपोआप उजेड! पहिल्या महायुद्धात खंदकात बसलेल्या सैनिकाला काडी न पेटवता वेळ पाहणे ही जीवनमरणाची बाब होती. साहजिकच मागणी वाढली, आणि न्यू जर्सी प्रांतातील ऑरेंज या गावी तबकड्या रंगवण्याचा मोठा कारखाना चालू लागला.

हे काम मुलींना देण्यात आले. त्यांतील कितीतरी मुली वीस वर्षांच्याही नव्हत्या. बोटे बारीक, नजर तीक्ष्ण, हात स्थिर. मजुरी तबकड्यांच्या संख्येवर. आकडे अतिशय लहान असल्यामुळे कुंचल्याचे टोक सतत अणकुचीदार ठेवावे लागे, आणि ते ओठांत धरून वळवावे असे त्यांना शिकवण्यात आले होते. कुंचला ओठांत, मग रंगात, मग तबकडीवर. दिवसातून शेकडो वेळा हीच क्रिया. रंग निरुपद्रवी आहे असे त्यांना सांगितले जाई. त्या काळी रेडियम हे औषध म्हणून विकले जात असल्यामुळे मुलींनी त्यावर विश्वास ठेवला. कोणी गंमत म्हणून नखांना आणि दातांना तो रंग लावी. काम आटोपून घरी जाताना त्यांचे केस आणि कपडे अंधारात चमकत. त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेतील रसायनतज्ज्ञ मात्र रेडियम हाताळताना शिशाचे पडदे आणि चिमटे वापरत होते. एकाच छपराखाली दोन वर्गांसाठी सुरक्षेच्या दोन कल्पना नांदत होत्या. या साऱ्या हकीगतीतील सर्वांत जळजळीत तपशील बहुधा हाच आहे.

रेडियमचा रासायनिक स्वभाव कॅल्शियमसारखा आहे. पोटात गेलेल्या रेडियमला शरीर कॅल्शियम समजून हाडांत नेऊन ठेवते, आणि तेथे ते वर्षानुवर्षे किरण फेकीत राहते. प्रथम दात दुखू लागले. दात काढला की जखम भरेना. पुढे जबड्याचे हाड कुजून त्याचे तुकडे पडू लागले. काहींची कंबर मोडली, काहींच्या पायांची हाडे आखूड झाली. १९२४ साली कंपनीनेच हार्वर्ड विद्यापीठाच्या सेसिल ड्रिंकर यांच्याकडून पाहणी करविली. रंगामुळेच आजार होत असल्याचा निष्कर्ष त्यांनी दिला, तेव्हा कंपनीने तो दडपला आणि प्रांताच्या कामगार खात्याला फिरवलेला अहवाल सादर केला. १९२५ मध्ये हॅरिसन मार्टलँड या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मृत आणि जिवंत कामगारांच्या शरीरांतील किरणोत्सर्ग मोजून दाखवला, तेव्हा कोठे सत्य बाहेर आले.

ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सहकारी स्त्रियांनी १९२७ साली दावा दाखल केला. इजा झाल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा केला पाहिजे, असा तेथील कायदा होता. रेडियमचा रोग उमटायलाच त्याहून अधिक काळ लागतो, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. जून १९२८ मध्ये तडजोड झाली. प्रत्येकीला १०,००० डॉलर, वर्षाला ६०० डॉलर आणि औषधोपचाराचा खर्च. त्याच वर्षी नोव्हेंबरात रंगाचे जनक सोहोकी हेही रक्तक्षयाच्या असाध्य विकाराने मरण पावले. इलिनॉय प्रांतातील ओटावा गावी दुसऱ्या एका कंपनीच्या तबकड्या रंगवणाऱ्या कॅथरिन डोनोह्यू हिने १९३८ मध्ये राहत्या घरी कोचावर पडल्या पडल्या साक्ष दिली. निकाल तिच्या बाजूने लागला, पण त्याच वर्षी तिचे निधन झाले. या स्त्रियांच्या हाडांवरून जे ज्ञान मिळाले, त्याच्या आधारे १९४१ साली अमेरिकेत शरीरातील रेडियमची कमाल मर्यादा ठरवण्यात आली. पुढे अणुबाँबच्या प्रकल्पात काम करणाऱ्यांच्या संरक्षणाला हीच मर्यादा उपयोगी पडली.

येथे एक छोटीशी शास्त्रीय गोष्ट सांगण्याजोगी आहे. जुन्या काळातील रेडियमच्या तबकड्या आज अंधारात दिसत नाहीत. अल्फा कणांचा मारा खाऊन झिंक सल्फाइडचे स्फटिक काही वर्षांतच निकामी होतात. रेडियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षांचे असते. आजोबांच्या पेटीत सापडलेले, न चमकणारे जुने घड्याळ म्हणूनच निरुपद्रवी समजू नये. ते उघडून तबकडी खरवडणे तर कटाक्षाने टाळावे.

रेडियमनंतर घड्याळांत ट्रिटियम आले. त्याचे किरण दुर्बल, अर्धायुष्य सुमारे बारा वर्षांचे. काही स्विस घड्याळांच्या तबकडीवर तळाशी ‘टी’ हे अक्षर दिसते, ते याच ट्रिटियमचे. खरा पालट जपानमध्ये झाला. १९४१ साली स्थापन झालेली नेमोतो ही कंपनी चमकणारे रंगच तयार करीत असे. किरणोत्सर्गी पदार्थ पूर्णपणे वगळून तोच परिणाम साधता येईल काय, या दिशेने तिच्या संशोधकांनी काम केले आणि १९९३ मध्ये स्ट्रॉन्शियम अल्युमिनेट या पदार्थात युरोपियम आणि डिस्प्रोशियम ही दुर्मिळ मूलद्रव्ये अल्प प्रमाणात मिसळून नवा पदार्थ सिद्ध केला. दिवसाचा उजेड तो साठवून ठेवतो आणि रात्रभर हळूहळू परत देतो. उजेड साठवून ठेवण्याचा गुण जुन्या झिंक सल्फाइडच्या रंगांतही होता, परंतु नवा पदार्थ त्याच्या सुमारे दहापट तेजस्वी आणि दहापट टिकाऊ ठरला. लवकरच स्विस घड्याळांनीही तो स्वीकारला.

या शोधाचे महत्त्व त्याच्या तेजात नाही. कामगाराला हातमोजे देणे, कुंचला ओठांत धरू नको म्हणून बजावणे, खिडक्या मोठ्या करणे, हे सारे उपाय विष जागेवर ठेवून केलेले असतात. नेमोतोच्या संशोधकांनी विषच काढून टाकले. सोहोकींच्या रंगापासून या उत्तरापर्यंत यायला जवळजवळ ऐंशी वर्षे लागली.

दरम्यान घड्याळाच्या पोटातही क्रांती झाली होती. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. किंमत ४,५०,००० येन, म्हणजे त्या काळच्या एका लहान मोटारगाडीइतकी. आज सर्वसामान्य क्वार्ट्झ घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा सहज निवडलेला नाही. त्याचे पंधरा वेळा निम्मे करीत गेले की बरोबर एक उरतो. ही निम्मे करण्याची क्रिया करणारे मंडल म्हणजे चिप. १९७२ साली अमेरिकेत ‘पल्सर’ हे लाल आकड्यांचे घड्याळ आले. त्याची किंमत २,१०० डॉलर, आणि आकडे पाहायचे तर दर वेळी कळ दाबावी लागे, कारण सतत उजेड ठेवला तर बॅटरी उतरायची. द्रवस्फटिकांच्या पडद्याने ती अडचण दूर केली आणि घड्याळे स्वस्त झाली. आपल्याकडील कितीतरी मध्यमवर्गीय घरांत पाऊल ठेवणारी पहिली चिप संगणकातली नव्हती, ती मनगटावरच्या घड्याळातली होती.

आता ही चिप घडते कशी ते पाहू. सिलिकॉनच्या गोल, आरशासारख्या चकतीवर प्रकाशाच्या साहाय्याने नकाशा उमटवायचा, रसायनांनी नको तो भाग कोरून काढायचा, नवा थर द्यायचा, पुन्हा नकाशा उमटवायचा. अशा शेकडो क्रिया. यात धुळीचा एक कण बसला तर एक चिप वाया जाते. अर्धसंवाहक उद्योगाच्या आरंभीच्या काळात तयार मालापैकी फार मोठा भाग या कारणाने फेकून द्यावा लागे. यावर उपाय शोधला तो न्यू मेक्सिकोतील सँडिया प्रयोगशाळेतील विलिस व्हिटफील्ड यांनी. खोली पुसून धूळ जात नाही हे त्यांनी ओळखले. त्यांनी हवाच अतिसूक्ष्म गाळणीतून गाळून छतातून खाली संथ प्रवाहाने सोडली आणि जमिनीतल्या जाळीतून बाहेर घेतली. खोलीत निर्माण होणारा प्रत्येक कण हवेबरोबर खाली वाहून जातो. १९६२ मध्ये जाहीर झालेली ही रचना त्या वेळच्या उत्तमोत्तम खोल्यांपेक्षा हजारपट स्वच्छ ठरली. जगातील प्रत्येक चिप-कारखाना आज याच तत्त्वावर उभा आहे.

क्लीन रूममध्ये पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या झग्यात गुंडाळलेला कामगार आपण छायाचित्रांत पाहिलेला असतो. पाहणाऱ्याला वाटते, केवढी ही माणसाची काळजी! वास्तविक तो झगा माणसाला वाचवण्यासाठी नाही. माणसाच्या त्वचेतून आणि केसांतून सतत कण झडत असतात. त्यांपासून चकतीला वाचवण्यासाठी तो आहे. त्या गाळण्या धुळीचे कण अडवतात, रसायनांची वाफ अडवीत नाहीत. आणि खर्च वाचवण्यासाठी खोलीतील बरीचशी हवा पुनःपुन्हा फिरवली जाते. जगातील सर्वांत स्वच्छ खोली ही कामगारासाठी सर्वांत सुरक्षित खोली असतेच असे नाही, ही गोष्ट उद्योगाच्या ध्यानात यायला, निदान मान्य करायला, फार काळ गेला.

प्रथम इशारा मिळाला तो अमेरिकेत. १९८६ साली मॅसॅच्युसेट्समधील एका चिप-कारखान्याच्या पाहणीत तेथे काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भपाताचे प्रमाण अधिक आढळले. १९९२ मध्ये खुद्द उद्योगाच्या संघटनेने करविलेल्या अभ्यासातही तेच निष्पन्न झाले. नकाशा उमटवण्याच्या लेपात वापरले जाणारे ग्लायकॉल ईथर वर्गातील द्रावक त्याच्याशी निगडित होते. अमेरिकेतील कंपन्यांनी ते हळूहळू बंद केले. मात्र तोवर चिप-निर्मितीचा मोठा भाग पूर्व आशियाकडे सरकू लागला होता.

दक्षिण कोरियातील ह्वांग यू-मी ही अशीच एक मुलगी. २००३ साली शाळा संपताच ती सॅमसंगच्या गिहंग येथील कारखान्यात लागली. सिलिकॉनच्या चकत्या रसायनांच्या टाकीत बुडवणे आणि काढणे हे तिचे काम. दोन वर्षांत तिला रक्ताचा कर्करोग झाला. मार्च २००७ मध्ये, इस्पितळातून घरी परतत असताना, वडिलांच्या टॅक्सीतच तिचा अंत झाला. तिच्याबरोबर त्याच टाकीवर काम करणारी दुसरी स्त्रीही आदल्या वर्षी त्याच रोगाने गेली होती. वडील ह्वांग सांग-गी हे साधे टॅक्सीचालक. एकाच टाकीवरच्या दोघींना एकच दुर्मिळ रोग कसा झाला, एवढाच त्यांचा प्रश्न होता. त्यांनी पैसे घेऊन गप्प बसण्यास नकार दिला. २०११ मध्ये न्यायालयाने हा मृत्यू कामामुळे झाल्याचे मान्य केले, २०१४ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल उचलून धरला. कारखान्यात नेमकी कोणती रसायने होती, हा तपशील व्यापारी गुपित म्हणून रोखून धरण्याचे प्रयत्न २०१८ पर्यंत चालूच राहिले. सोलमध्ये कंपनीच्या दारासमोर कुटुंबीयांचे धरणे हजाराहून अधिक दिवस चालले. अखेर नोव्हेंबर २०१८ मध्ये सॅमसंगने जाहीर क्षमायाचना केली आणि प्रत्येक रुग्णास कमाल १५ कोटी वोनपर्यंत भरपाई देण्याचे मान्य केले. ऑरेंज गावच्या मुलींची गोष्ट आठवणाऱ्याला यात नवे काय दिसेल? ओठांतल्या कुंचल्याच्या जागी हातातली टाकी आली, आणि फिरवलेल्या अहवालाची जागा व्यापारी गुपिताने घेतली, इतकेच.

तिसरा शोध येथे रंगमंचावर येतो. ह्वांग यू-मी ज्या विभागात होती तो जुना होता, तेथे बरेचसे काम हाताने चाले. २००० सालाच्या सुमारास उद्योग २०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवरून ३०० मिलिमीटरच्या चकतीकडे वळला. मोठ्या चकत्यांची बंद पेटी पंचवीस चकत्यांसह सुमारे नऊ किलोंची होते. एका पेटीची किंमत प्रचंड, आणि दिवसभर ती उचलणे माणसाला न झेपणारे. म्हणून छताला रूळ टांगून त्यांवरून धावणारी स्वयंचलित वाहने आली. वाहन यंत्राच्या डोक्यावर येऊन थांबते, पट्ट्यांनी पेटी अलगद खाली सोडते, काम झाले की उचलून पुढच्या यंत्राकडे नेते. कोणती पेटी केव्हा कोठे जावी हे संगणक ठरवतो. ओसाकाची दाइफुकू आणि क्योतोची मुराता मशिनरी ही या क्षेत्रातील अग्रगण्य नावे. मुराता मशिनरीचा जन्म १९३५ साली विणमागांची जॅकार्ड यंत्रे करण्यासाठी झाला होता. सूत गुंडाळणाऱ्या तिच्या यंत्रांमुळे आपल्याकडील सूतगिरण्यांनाही हे नाव परिचित आहे. धागा न तुटू देता नाजूकपणे हाताळण्याची विद्या चकतीच्या कामी आली, असे म्हणायला हरकत नाही.

या वाहनांनी कामगाराला रसायनांच्या टाकीपासून दूर नेले, हे निःसंशय चांगले झाले. परंतु ती आणली गेली चकतीच्या हितासाठी. कामगाराचे रक्षण हा त्यातील अनुषंगिक लाभ होता, आणि म्हणूनच तो अपुरा राहिला. यंत्र चालू असते तोवर माणूस दूर असतो. यंत्र बंद पडले, त्याचे पोट उघडून साफ करायचे झाले, झडप गळू लागली, की हात पुन्हा आत जातो. तो हात बहुधा कंत्राटी कामगाराचा असतो. जानेवारी २०१३ मध्ये सॅमसंगच्या ह्वासंग येथील कारखान्यात हायड्रोफ्लोरिक आम्लाची गळती दुरुस्त करताना जो कामगार दगावला, तो असाच कंत्राटदाराकडचा होता. त्या वेळीही डोक्यावरून धावणारी वाहने त्या उद्योगात सर्रास वापरात होती.

आपल्या देशाचा या उद्योगाशी संबंध अगदी नवा नाही. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ पासून चिप तयार होऊ लागल्या, आणि १९८९ च्या आगीने ते स्वप्न कित्येक वर्षे मागे ढकलले. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने ७६,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. १३ मार्च २०२४ रोजी गुजरातमधील धोलेरा येथे टाटा समूहाच्या चिप-कारखान्याची आणि आसामात जागीरोड येथे जुळणी-चाचणी प्रकल्पाची पायाभरणी झाली. परक्यांच्या हाती चिपची किल्ली ठेवून संरक्षण, दळणवळण आणि उद्योग चालवणे किती धोक्याचे आहे, हे कोरोनाच्या काळातील तुटवड्याने दाखवले आहे. हे कारखाने झालेच पाहिजेत, यात दुमत नाही. मात्र जपान-तैवानकडून यंत्रे घेताना ऑरेंज आणि गिहंगचा अनुभवही घ्यावा लागेल. त्याची किंमत तर त्या गावांनी आधीच चुकती केली आहे.

आपल्याकडे याला कायद्याचा आधार आहे. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोक्याच्या प्रक्रियांविषयी एक स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. कारखान्यात कोणते पदार्थ वापरले जातात आणि त्यांपासून आरोग्याला कोणता धोका आहे, हे कामगाराला सांगण्याचे बंधन मालकावर आले. आपली वैद्यकीय नोंद पाहण्याचा हक्क कामगाराला मिळाला. ऑरेंजच्या मुलींना हे मिळाले असते तर कुंचला ओठांपर्यंत गेला नसता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही माहिती उघड करण्याचे हे बंधन कायम आहे.

कागदावरचा हक्क कारखान्याच्या जमिनीवर उतरवण्याचे काम कामगार संघटनांचे, कारखाना निरीक्षकांचे आणि मुलांना तेथे नोकरीस धाडणाऱ्या पालकांचेही आहे. खंडेनवमीला आपण हत्यारे पुसून त्यांना झेंडूची फुले वाहतो. विचारायचे प्रश्न अगदी साधे आहेत. टाकीतील द्रावकाचे नाव काय? जी हवा फिरवली जाते तिच्यात वाफेचे प्रमाण कोण मोजतो आणि किती दिवसांनी? यंत्र उघडून साफ करणारा कंत्राटी माणूस त्याच वैद्यकीय तपासणीत येतो की नाही? रोग उमटायला पंधरा-वीस वर्षे लागली तर तोवर त्याची नोंद कोणाकडे राहील? आणि रसायनांची यादी भिंतीवर लावली असेल, तर ती नुसती इंग्रजीत आहे, की धोलेऱ्यात गुजरातीत आणि जागीरोडला असमियातही आहे?